अधिकार होते, वसुली नव्हती: अमेरिकेच्या पहिल्या राज्यघटनेचा जमाखर्च

प्रश्न: अमेरिकेची आजची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. त्याआधी १३ राज्यांची एक सनद होती, ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’. ती आठ वर्षांत मोडीत का निघाली? तिच्यात घेण्यासारखं काही होतं का?

उत्तर:

‘केंद्र दुबळं होतं’ हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर चुकीचं नाही, पण तिथेच थांबलं तर सनदेतली खरी गोम हाती लागत नाही. अधिकारांची यादी वाचली तर काँग्रेस, म्हणजे १३ राज्यांच्या प्रतिनिधींची ती एकच सभा, मुळीच दुबळी दिसत नाही. युद्ध आणि तह, परदेशांत वकील नेमणं, कर्ज काढणं, नाण्याचं मोल ठरवणं, वजनंमापं, टपाल, सरसेनापतीची नेमणूक, राज्याराज्यांतल्या सरहद्दीच्या भांडणांचा अंतिम निवाडा, हे सगळं नवव्या कलमात तिच्या पदरात घातलेलं आहे. अडचण पुढची. यातलं जवळजवळ काहीच तिला स्वतःच्या हातांनी पार पाडता येत नव्हतं. तिचा हुकूम माणसांवर चालत नव्हता, तिने राज्यांना सांगायचं आणि राज्यांनी ऐकलं तर ऐकलं. उलट जिथे तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, तिथे याच सनदेखाली फार चांगलं काम झालं. ही एक मोजपट्टी हाताशी ठेवून पुढचं वाचावं.

आधी ती घडली कशी ते पाहू, कारण दोष बराचसा घडणीतच आहे. ७ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली यांनी ठराव मांडला. त्यात तीन गोष्टी होत्या: स्वातंत्र्य, परदेशांशी मैत्रीचे करार आणि वसाहतींनी (याच पुढे राज्यं झाल्या) एकत्र राहण्याचा आराखडा. आराखड्यासाठी दर वसाहतीचा एक अशी समिती झाली आणि लेखणी जॉन डिकिन्सन यांच्या हाती आली. १२ जुलैला मसुदा काँग्रेससमोर होता. हा मसुदा पुढे मंजूर झालेल्या सनदेपेक्षा बराच कणखर होता. राज्यांकडे फक्त अंतर्गत कारभार, तोही सनदेच्या आड येत नसेल तेवढाच, आणि पश्चिमेकडे राज्यांच्या सीमा कुठे संपतात हे ठरवायचा अधिकार काँग्रेसकडे. चर्चेच्या चाळणीत हे दोन्ही गळाले. १७७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे थॉमस बर्क यांनी एक कलम घालायला लावलं, तेच आजचं दुसरं कलम: प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व राखून आहे, आणि जे अधिकार काँग्रेसला ‘स्पष्टपणे’ दिलेले नाहीत ते सगळे राज्यांचे.

त्या ‘स्पष्टपणे’वर जरा रेंगाळायला हवं. कायद्याच्या मसुद्यात एखादं क्रियाविशेषण किती महाग पडतं याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडतं. हा शब्द असल्यावर ओघाने येणारा अधिकार असं काही उरतच नाही. सैन्य उभारायचा अधिकार आहे, पण सैनिकाला पगार देण्यासाठी कर लावण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला नाही, तेव्हा तो नाही. तह करायचा अधिकार आहे, पण तो तह राज्याच्या कोर्टात लागू करून घेण्याचा नाही. १७९१ साली नव्या घटनेला दहावी दुरुस्ती जोडताना जवळपास हेच वाक्य पुन्हा आलं. तेव्हाही तो शब्द घालावा अशी सूचना आली होती, ती सभागृहाने फेटाळली. १८१९ मध्ये मॅक्युलॉक खटल्यात राष्ट्रीय बँक वैध ठरवताना सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी नेमकं याच गाळलेल्या शब्दाकडे बोट दाखवलं.

काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी सनद मंजूर केली ती पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात, कारण फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात होतं. ती अंमलात आली मात्र १ मार्च १७८१ रोजी. मधली सव्वातीन वर्षं मुख्यतः मेरीलँडने खाल्ली. व्हर्जिनियासारख्या राज्यांचा इंग्लंडच्या राजाने दिलेल्या जुन्या सनदांच्या जोरावर पश्चिमेकडच्या अफाट जमिनीवर दावा होता, मेरीलँडचा काहीच नव्हता. उद्या व्हर्जिनिया जमिनी विकून कर माफ करील आणि आपली माणसं तिकडे निघून जातील, ही मेरीलँडची भीती. (त्यात मेरीलँडच्या काही बड्या लोकांची जमिनीच्या सट्ट्यात गुंतवणूक होती, तेव्हा सगळा तत्त्वाचाच प्रश्न होता असं समजू नये.) जमिनी सगळ्यांच्या सामाईक झाल्याशिवाय सही नाही, असं ते अडून बसलं. जानेवारी १७८१ मध्ये व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येकडचा दावा सोडण्याची तयारी दाखवली आणि मगच मेरीलँड वळलं. त्या वेळी ही सगळ्यांना डोकेदुखी वाटली. पण काँग्रेसच्या हाती स्वतःची म्हणावी अशी एकुलती एक मालमत्ता आली ती या हट्टामुळेच.

आता पैसा. आठवं कलम सांगतं की युद्धाचा आणि सामाईक हिताचा खर्च एका सामाईक तिजोरीतून होईल, आणि ती तिजोरी राज्यं भरतील. वाटा कशावरून? राज्यातल्या खाजगी मालकीच्या जमिनी आणि त्यांवरची घरं, सुधारणा यांच्या किमतीवरून. कर बसवणार आणि वसूल करणार राज्यांची विधिमंडळं. कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी मोडलं.

पहिलं, जमिनीची किंमत ठरवणार कोण? मोजणी राज्यांनीच करायची होती, आणि आपली जमीन महाग आहे असं कोणतं राज्य सांगेल? ती किंमत-यादी कधी पूर्ण झालीच नाही, वाटे अंदाजपंचे ठरत गेले. एप्रिल १७८३ मध्ये जमिनीऐवजी लोकसंख्येवर वाटा ठरवावा, आणि गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरावी, अशी दुरुस्ती सुचवली गेली. तीही सर्वांच्या मंजुरीअभावी पडली. चार वर्षांनी नवी घटना लिहिताना फिलाडेल्फियात जो कुप्रसिद्ध तीन-पंचमांशाचा हिशोब निघाला, तो याच रद्दीतून उचललेला.

दुसरं, मागणी न भरणाऱ्या राज्याचं काय करायचं, यावर सनद गप्प आहे. दंड नाही, व्याज नाही, जप्ती नाही. तेराव्या कलमात फक्त एवढंच की राज्यं काँग्रेसचे निर्णय पाळतील. गणपतीची वर्गणी आणि महापालिकेची घरपट्टी यांत जो फरक, तोच इथे होता, आणि वर्गणीवर सैन्य पोसता येत नाही. १७८२ सालासाठी काँग्रेसने ८० लाख डॉलर मागितले; वर्ष संपताना हाती आले होते ४ लाख २० हजारांच्या आसपास. १७८६ च्या मागणीपोटी तर १७८७ च्या मार्चअखेरपर्यंत तिजोरीत पडले ६६३ डॉलर. याला नुसती बेपर्वाई म्हणून चालणार नाही. राज्यांवर स्वतःची युद्धकर्जं होती, चलनात सोनं-चांदी नव्हती, आणि शेजारी भरत नसेल तर आपण का भरायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडत होता. सगळे भरतील तर मीही भरीन, असं १३ जणांनी एकाच वेळी ठरवलं की कोणीच भरत नाही. न्यू जर्सीने तर १७८६ च्या फेब्रुवारीत उघड नकार दिला: आमचा आयात माल न्यूयॉर्कच्या बंदरातून येतो, तिथली जकात आम्ही भरतो, मग वर ही मागणी कशाला?

तिसरं, वसुली नाही म्हणून नोटा छापल्या. हे सनद अंमलात येण्याआधीचं, १७७५ ते १७७९ मधलं, पण दुखणं तेच. २० कोटी डॉलरच्या वर कागदी चलन बाहेर पडलं. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा १ डॉलर असा भाव मान्य केला. ‘कॉन्टिनेन्टलच्याही (म्हणजे या नोटेच्याही) मोलाचं नाही’ असा वाक्प्रचार तिकडे रुजला तो यातून.

यावर इलाज सुचला नव्हता असं नाही. ३ फेब्रुवारी १७८१ रोजी, म्हणजे सनद लागू व्हायच्याही आधी, काँग्रेसने आयातीवर ५ टक्के जकात बसवू द्या अशी दुरुस्ती राज्यांकडे धाडली. बहुतेकांनी मान्य केली. नोव्हेंबर १७८२ मध्ये रोड आयलंडने साफ नकार दिला, आणि पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियाने दिलेली संमती मागे घेतली. १७८३ मध्ये हीच जकात २५ वर्षांच्या मुदतीने पुन्हा मागितली, या वेळी न्यूयॉर्कने घोडं अडवलं. १७८६ मध्ये अटी घातल्या, त्या काँग्रेसला मान्य नव्हत्या. फेब्रुवारी १७८७ मध्ये पुन्हा नकार. न्यूयॉर्कचं गणित सोपं होतं. शेजारच्या दोन राज्यांचा मालही आपल्याच धक्क्यावर उतरतो, त्यावर जकात आपण घेतो, ती घरात येणारी लक्ष्मी दुसऱ्याच्या हवाली का करायची? वित्त अधीक्षक रॉबर्ट मॉरिस यांनी बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उभी केली, पदरमोड करून स्वतःच्या सहीच्या हुंड्या चालवल्या, आणि १७८४ मध्ये पद सोडलं.

पैशाखालोखाल घोळ मतांच्या नियमात आहे, आणि हा भाग सहसा घाईत वाचला जातो. पाचव्या कलमाप्रमाणे राज्याने २ ते ७ प्रतिनिधी पाठवायचे, पण मत राज्यागणिक एक. व्हर्जिनियालाही एक, डेलावेअरलाही एक (१७९० च्या खानेसुमारीत पहिल्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख भरली, दुसऱ्याची ५९ हजार). दोघांपेक्षा कमी हजर असतील तर राज्याचं मत धरलं जात नाही. दोघं आहेत आणि दोघांचं पटलं नाही तर मत फुकट. प्रतिनिधींचा खर्च राज्याने करायचा, म्हणून काटकसरीत पहिली कात्री त्यांच्यावर. वर सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षं कोणाला बसता येत नाही, तेव्हा काम समजू लागलं की माणूस घरी. आणि युद्ध, तह, कर्ज, खर्चाची मंजुरी, सरसेनापती अशा महत्त्वाच्या गोष्टींना १३ पैकी ९ राज्यं हवीत.

हे आकडे एकत्र मांडून पाहा. समजा ९ राज्यं हजर आहेत, प्रत्येकी दोन प्रतिनिधी. १८ माणसांत एकाने ‘नाही’ म्हटलं की त्याचं राज्य दुभंगलं, बाजूने ८ उरली, ठराव पडला. आजारपण, चिखलाचा रस्ता, घरची सुगी, यांतल्या कशानेही राष्ट्राचा निर्णय अडायचा.

अडलाही. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला इंग्लंडशी तह झाला, स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब करणारा. मंजुरीची कागदपत्रं सहा महिन्यांत एकमेकांना पोचवायची होती. डिसेंबरमध्ये काँग्रेस अ‍ॅनापोलिसला भरली तेव्हा हजर राज्यं सात. २३ डिसेंबरला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो जेमतेम वीसेक सदस्यांपुढे. काहींचं म्हणणं, आता सातांनीच उरकून टाकू. टॉमस जेफर्सन यांचा विरोध होता: नऊ लागतात हे इंग्रजांना ठाऊक आहे, सातांच्या मंजुरीवर मोहोर उठवली तर तो कागद ते फेटाळू शकतात. साउथ कॅरोलिनाचे एक प्रतिनिधी फिलाडेल्फियात आजारी पडलेले. मग काँग्रेसनेच त्यांच्या खोलीत जाऊन बैठक भरवावी, अशीही सूचना निघाली. शेवटी ते आले, कनेक्टिकटचे आले, आणि १४ जानेवारी १७८४ रोजी नऊ राज्यं भरली. मंजुरी समुद्रापलीकडे मुदतीत पोचली नाहीच. इंग्लंडने त्यावर अडून बसणं टाळलं आणि १२ मेला देवघेव झाली.

त्याच वसंतात याहून महागडी गैरहजेरी घडली. पश्चिमेकडच्या प्रदेशांसाठी जेफर्सन यांनी केलेल्या मसुद्यात १८०० नंतर तिथे गुलामगिरी राहणार नाही अशी तरतूद होती. ती कायम ठेवायला सात राज्यांची मतं हवी होती, पडली सहा. न्यू जर्सीचा एकच प्रतिनिधी त्या दिवशी सभागृहात होता, दुसरा आजारी. एकट्याचं मत धरलं गेलं नाही. तरतूद गळाली.

तरीही नऊचा नियम सरसकट वाईट म्हणता येत नाही. १७८६ मध्ये परराष्ट्र सचिव जॉन जे स्पेनशी करार करत होते. बदल्यात व्यापाराच्या सवलती मिळतील म्हणून मिसिसिपी नदीतल्या वाहतुकीचा हक्क काही दशकं गुंडाळून ठेवायचा, असा घाट होता. उत्तरेकडच्या सात राज्यांना तो चालत होता, दक्षिणेच्या पाचांना नाही. पश्चिमेकडच्या वस्त्यांचा तर जीवच त्या नदीत. साध्या बहुमताने त्यांचा सौदा झाला असता. नऊ मतं मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बेत बारगळला. नव्या घटनेत तहासाठी सिनेटमधल्या हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात, त्यामागे दक्षिणेला झालेली ही ताजी जखम होती.

व्यापाराबद्दल थोडक्यात. इंग्लंडने १७८३ मध्ये वेस्ट इंडीजची बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली. उलट जकात लावून उत्तर द्यायचं तर काँग्रेसला तो अधिकार नाही, एका राज्याने लावली तर माल शेजारच्या बंदरात उतरतो. अल्जीयर्सच्या चाच्यांनी १७८५ मध्ये दोन जहाजं पकडून २१ खलाशी कैद केले. त्याच वर्षी काँग्रेसने पैशाअभावी शेवटची युद्धनौका ‘अलायन्स’ विकली. इंग्रज सावकारांची कर्जं बुडवू नयेत असं तहात होतं, राज्यांनी ते पाळलं नाही. ती सबब पुढे करून इंग्रजांनी डेट्रॉइट, नायगारा, ओस्वेगो हे किल्ले सोडले नाहीत. मूळ रहिवासी जमातींशी व्यवहार काँग्रेसने करायचा, पण ‘राज्याच्या हद्दीतला त्याचा कायदे करण्याचा हक्क न दुखावता’ अशी मेख कलमातच मारलेली. न्यूयॉर्क आणि जॉर्जिया यांनी आपापले करार वेगळेच केले.

भांडणं मिटवण्याची पद्धत मात्र या सनदेतली सर्वांत कल्पक गोष्ट आहे. दोन राज्यांत हद्दीचा वाद आला आणि पंच कोण यावर त्यांचं एकमत झालं नाही, तर काँग्रेसने दर राज्यातून तीन अशी ३९ नावं काढायची. मग दोन्ही पक्षांनी आळीपाळीने एकेक नाव खोडत १३ वर यायचं. एखाद्या पक्षाने खोडायला नकार दिला तर त्याच्या वतीने सचिव खोडणार, म्हणजे रुसून बसून खटला अडवता येत नाही. उरलेल्या १३ मधून चिठ्ठ्या टाकून ७ ते ९ नावं, आणि त्यांतले कोणतेही ५ बसले की न्यायासन तयार. या कलमाखाली निकालापर्यंत गेलेला खटला एकच: कनेक्टिकट विरुद्ध पेनसिल्व्हेनिया, सस्क्वेहाना नदीकाठच्या वायोमिंग खोऱ्याचा. ३० डिसेंबर १७८२ रोजी ट्रेंटनला पाच पंचांनी एकमताने पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने निकाल दिला आणि कनेक्टिकटने तो मानला. दोन राज्यांनी हद्दीचा वाद शेवटी शस्त्राने नव्हे, निवाड्याने सोडवला, ही लहान गोष्ट नाही. पण पंचांनी ठरवलं ते राज्याच्या हक्काचं. खोऱ्यात घरं बांधून राहिलेल्या कनेक्टिकटच्या माणसांच्या सातबाऱ्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला आणि १७८४ मध्ये तिथे पुन्हा मारामाऱ्या झाल्या. पुन्हा तेच, राज्यापर्यंत हात पोचतो, माणसापर्यंत पोचत नाही.

आता जमेची मोठी बाजू, जमीन. राज्यांनी दावे सोडल्यावर ओहायोपलीकडचा मुलूख थेट काँग्रेसचा झाला. इथे वर्गणी मागायची नव्हती, मालक स्वतःच. २० मे १७८५ च्या जमीन कायद्याने मोजणीची जी पद्धत घातली ती आजही विमानातून दिसते. ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकर. प्रत्येक टाउनशिपमधला १६ वा चौकोन शाळेसाठी राखीव. किंमत एकरी किमान १ डॉलर, लिलावाने. विकण्याआधी मोजणी सक्तीची, म्हणजे दक्षिणेत जसं ‘अमक्या ओकच्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत’ असल्या खरेदीखतांवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत, तसं इथे होऊ नये.

मोजणीचं हत्यार ६६ फुटी साखळी. अशा ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बरोबर अर्धी साखळी; म्हणून ४० गुंठ्यांचा एकर. ओहायोतलं शेत आणि पुणे जिल्ह्यातलं शेत एकाच इंग्रजी साखळीच्या मापात बसतात ते असे.

यातही काय बिघडलं ते सांगायला हवं. कमीत कमी ६४० एकर घ्यायचे तर एकरकमी ६४० डॉलर हवेत, आणि असा लहान शेतकरी नव्हता. विक्री रेंगाळली. मग काँग्रेसने मोठमोठे तुकडे कंपन्यांना दिले. ओहायो कंपनीशी १५ लाख एकरांचा करार झाला आणि पैसे घसरलेल्या सरकारी रोख्यांत चुकते होणार होते. शिवाय जमीन ओसाड नव्हती. तिथल्या जमातींचा विरोध होता. भूमापक टॉमस हचिन्स यांना १७८५ मध्ये काम सुरू करून थोडक्यात थांबवावं लागलं.

१३ जुलै १७८७ चा वायव्य प्रदेश कायदा या सनदेखालचं सर्वांत टिकाऊ काम. प्रदेशातून तीन ते पाच राज्यं निघतील. आधी गव्हर्नर, सचिव आणि तीन न्यायाधीश. ५ हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की विधिमंडळ. ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले की जुन्या राज्यांच्या बरोबरीने प्रवेश. धर्मस्वातंत्र्य, ज्यूरी, बंदीप्रत्यक्षीकरण यांची हमी. गुलामगिरीला बंदी, मात्र पळून आलेल्या गुलामाला परत नेण्याची मुभा ठेवलेली. वसाहत कायमची वसाहत राहणार नाही, ठरलेल्या संख्येला पोचली की ती बरोबरीची भागीदार होईल, असं कोणत्या साम्राज्याने तोवर लिहून दिलं होतं? ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन यातूनच निघाली.

गंमत ही की नवी राज्यं घडवण्याचा अधिकार सनदेत ‘स्पष्टपणे’ कुठेच नाही. अकराव्या कलमात कॅनडाला दार उघडं आहे आणि इतर वसाहतींना नऊ राज्यांच्या संमतीने, एवढंच. दुसरं कलम काटेकोर लावलं तर काँग्रेसचं सर्वोत्तम काम अधिकाराबाहेरचं ठरतं. हे जेम्स मॅडिसन यांनी पुढे लेखी दाखवून दिलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, अधिकार अपुरे ठेवले की चांगली माणसंही चौकट ओलांडतात म्हणून.

चौथं कलमही जमेचं. एका राज्याच्या स्वतंत्र रहिवाशाला (भिकारी, भटके आणि फरारी सोडून) दुसऱ्या राज्यात तिथल्यासारखेच हक्क, एका राज्याच्या कोर्टाच्या निकालाला दुसऱ्यात मान, आरोपींची परतपाठवणी. हे सगळं नव्या घटनेच्याही चौथ्याच कलमात गेलं.

मग मोडलं कुठे? तेराव्या कलमात. दुरुस्तीला काँग्रेसची मंजुरी आणि त्यावर प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाचा होकार हवा. दोष सगळ्यांना दिसत होते, पण १३ कुलुपं एकाच वेळी उघडायची होती. आठ वर्षांत एकही दुरुस्ती झाली नाही. रोड आयलंडला आणि न्यूयॉर्कला नावं ठेवली जातात, पण त्यांनी नियमाने दिलेला हक्कच वापरला.

दरम्यान प्रसंग साठत गेले. जून १७८३ मध्ये पगार थकलेले सुमारे ४०० सैनिक फिलाडेल्फियात काँग्रेस बसलेल्या इमारतीभोवती जमले. काँग्रेसकडे स्वतःचा पहारा नव्हता. तिने पेनसिल्व्हेनिया सरकारकडे राज्याचं सैन्य मागितलं, सरकारने दिलं नाही, आणि काँग्रेस गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला गेली. नकार देणाऱ्या सरकारचे प्रमुख होते जॉन डिकिन्सन, पहिला मसुदा लिहिणारे. १७८६-८७ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि कराने पिचलेले शेतकरी डॅनियल शेज यांच्या मागे उठले. स्प्रिंगफिल्डचं शस्त्रागार राष्ट्राचं. २५ जानेवारीला ते वाचवलं राज्याच्या सैन्याने, आणि बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च उचलला बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी.

सप्टेंबर १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला व्यापाराच्या प्रश्नावर परिषद बोलावली तर आली पाचच राज्यं. त्यांनी फिलाडेल्फियात मोठी सभा भरवा असं सुचवलं. २१ फेब्रुवारी १७८७ रोजी काँग्रेसने तिला मान्यता दिली, ‘केवळ सनदेत दुरुस्ती करण्यासाठी’. सभेने दुरुस्ती न करता नवी घटनाच लिहिली आणि तिच्यातच लिहून ठेवलं की नऊ राज्यांनी मानली की मानणाऱ्यांपुरती ती लागू. तेराव्या कलमाच्या अक्षराप्रमाणे हे नियमबाह्यच होतं, यावर उगाच शब्दांची कसरत करू नये. रोड आयलंडने सभेला माणूस पाठवला नाही, आणि नवी घटना मानली ती २९ मे १७९० रोजी, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर.

दोन गैरसमज. ‘वॉशिंग्टनच्या आधीही राष्ट्राध्यक्ष होते’ असं जॉन हॅन्सन वगैरेंची नावं घेऊन सांगितलं जातं. ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, म्हणजे सभा चालवणारे. तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वर्ष त्या खुर्चीवर बसता येत नसे आणि कार्यकारी सत्ता शून्य. दुसरा, ‘कायमचा संघ’ हे शब्द सनदेत आहेत म्हणजे राज्यं फुटून निघू शकत नव्हती हे स्पष्ट होतं. नव्हतं, सार्वभौम राज्यांचा करार आणि कायमचा संघ एकाच कागदावर बसवल्याने तो वाद पुढे ८० वर्षं धुमसला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘युनियन’ हा शब्द का घेतला ते सांगताना हेच उदाहरण दिलं: भारताचा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटण्याचा हक्क नाही; अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते सुरुवातीलाच लिहून ठेवावं.

मूळ सनद वाचायची असेल तर ओळीने वाचू नका, कंटाळा येईल. आधी दुसरं आणि आठवं शेजारीशेजारी, मग नववं, त्यातला शेवटून दुसरा परिच्छेद (नऊ मतांची यादी) दोनदा, मग पाचवं, शेवटी तेरावं.

जुन्या काँग्रेसची गणसंख्या शेवटची भरली १० ऑक्टोबर १७८८ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. बाराव्या कलमाने जुनी कर्जं जशी या सनदेने अंगावर घेतली होती, तशीच तिची कर्जं नव्या घटनेच्या सहाव्या कलमाने घेतली. १७७४ पासून सचिव असलेले चार्ल्स थॉमसन यांनी जुलै १७८९ मध्ये दप्तर आणि राष्ट्राची मोहोर नव्या सरकारच्या हवाली केली. २० जून १७८२ रोजी मंजूर झालेली ती मोहोर नव्या सरकारने बदलली नाही.